एम.आर्क.चं पत्र आलंय, जावं का?

फेब्रुवारी ते मे या महिन्यांत भाईंदरच्या खारीगाव (खारी), गोडदेव, नवघर रोड या पट्ट्यातल्या काही घरांत एकच चर्चा चालते. मुलीने किंवा मुलाने पाच वर्षांचं बी.आर्क. पूर्ण केलंय, वर्ष-दोन वर्षं कुठल्या तरी ऑफिसात काढली आहेत आणि आता एका विद्यापीठाचं प्रवेशपत्र आलंय. विद्यापीठ कधी अहमदाबादचं असतं, कधी न्यूयॉर्कचं, कधी जर्मनीचं. आई-वडिलांना पत्राचा अभिमान वाटतो आणि फीचा आकडा झोप लागू देत नाही. मुलांना वाटतं, संधी सोडली तर परत येणार नाही. सल्ला देणारे पुष्कळ असतात. त्यातले निम्मे कन्सल्टंट असतात आणि त्यांतल्या अनेकांचं कमिशन प्रवेश पक्का झाल्यावर मिळतं.

या प्रश्नाची सुरुवात कायद्यापासून करावी, कारण घरातला अर्धा गोंधळ तिथेच मिटतो. १९७२च्या वास्तुविशारद कायद्यानुसार भारतात स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी लागते, आणि ती मान्यताप्राप्त बी.आर्क.वर होते. एम.आर्क. केल्याने त्या नोंदणीने मिळणारे अधिकार वाढत नाहीत. मार्च २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केलं, की हा कायदा ‘आर्किटेक्ट’ या बिरुदाला संरक्षण देतो. इमारतीचा आराखडा करण्याचं काम दुसऱ्यांना बंद करत नाही. मिरा-भाईंदरमध्ये लागू असलेल्या २०२०च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीतही आर्किटेक्टसोबत इंजिनिअर आणि सुपरवायझर यांना आपापल्या मर्यादेत नकाशे सादर करता येतात. म्हणजे आपल्या भागातलं रोजचं काम, सोसायट्यांचा पुनर्विकास, एफएसआयची गणितं, सबमिशन ड्रॉइंग, सीसी (बांधकाम सुरू करण्याचा दाखला) आणि ओसी (भोगवटा दाखला) यांसाठीच्या महापालिकेच्या फेऱ्या, यांतल्या कशालाही पदव्युत्तर पदवी लागत नाही. ते काम ऑफिसात आणि साइटवर शिकता येतं, आणि तिथेच ते नीट येतं.

उलट बाजूचं एक टोकही इथेच सांगायला हवं. बी.आर्क. न करता, दुसऱ्या शाखेची पदवी घेऊन परदेशात तीन-साडेतीन वर्षांचं एम.आर्क. करायचं आणि परत येऊन इथे आर्किटेक्ट व्हायचं, असा बेत असेल तर फी भरण्याआधी ती पदवी आपल्या कौन्सिलला मान्य आहे का, हे लेखी विचारून घ्यावं. तिकडची मान्यता इकडे आपोआप लागू होत नाही.

मग एम.आर्क.ने मिळतं काय? ठोस सांगता येतील अशा तीन गोष्टी आहेत. वास्तुकला महाविद्यालयात पूर्णवेळ नियमित नेमणुकीसाठी एम.आर्क. विचारलं जातं. संवर्धन, लँडस्केप, अर्बन डिझाइन, पर्यावरणीय वास्तुकला अशा शाखांत, जिथे पाच वर्षांत फक्त तोंडओळख होते, तिथे खरं प्रावीण्य मिळतं. आणि दुसऱ्या देशात काम करण्याचं दार काही काळ उघडतं. यांपैकी एकही नको असेल आणि नुसतं ‘अजून थोडं शिकूया’ असं वाटत असेल, तर माझं स्पष्ट मत आहे: थांबावं आणि काम करावं. इच्छा चांगली आहे, पण तिच्या बळावर सगळ्या घराने कर्ज काढू नये.

या बाबतीत आपल्याकडची तीन उदाहरणं शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. मालवणजवळच्या आचरा गावात १९१६मध्ये जन्मलेले अच्युत कानविंदे मुंबईच्या जे.जे.त शिकले. १९४५मध्ये सरकारने त्यांना हार्वर्डला पाठवलं. तिथे वॉल्टर ग्रोपियस होते, बाउहाउसचे संस्थापक. कानविंदे कुठल्या कामासाठी गेले, हे महत्त्वाचं आहे. देशात वैज्ञानिक संशोधनाच्या प्रयोगशाळा उभ्या करायच्या होत्या आणि अशा इमारती बांधण्याचा अनुभव इथे फारसा कुणाकडे नव्हता. म्हणजे विद्यार्थी निघण्याआधीच प्रश्न तयार होता आणि परत आल्यावर करायचं कामही. १९४७मध्ये ते परतले, सीएसआयआर या वैज्ञानिक संशोधन परिषदेच्या कामाला लागले, पुढे १९५५मध्ये शौकत राय यांच्याबरोबर स्वतःचं ऑफिस काढलं. अहमदाबादची अटिरा ही वस्त्रोद्योग संशोधन संस्था आणि कानपूरच्या आयआयटीचा परिसर हे त्यांचं काम. हार्वर्डमध्ये शिकलेली आधुनिकता त्यांनी पुढे विटांत, काँक्रीटमध्ये आणि इथल्या उन्हात तपासून बदलत नेली.

चार्ल्स कोरिया गोव्याच्या कुटुंबातले. मुंबईत सेंट झेवियर्सला शिकून ते आधी मिशिगनला आणि मग एमआयटीला गेले. १९५५मध्ये तिथली मास्टर्स पदवी घेतली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता वस्ती आणि तिथले रहिवासी. लोकांनी आपला परिसर एकत्र येऊन कसा सुधारावा, हे त्यांनी एका ॲनिमेशनपटातून मांडलं. हाच माणूस दहा वर्षांनी प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्याबरोबर खाडीपलीकडे नवी मुंबई वसवण्याची कल्पना मांडतो आणि पुढे बेलापूरला कमी उंचीची, अंगणांभोवती जुळवलेली घरं बांधतो. विद्यार्थिदशेतला प्रश्न तीस वर्षं टिकला, वाढला.

तिसरं नाव बाळकृष्ण दोशींचं. पुण्यात १९२७मध्ये जन्मले, जे.जे.त शिकले आणि मास्टर्सच्या वाटेला गेले नाहीत. १९५१मध्ये ते पॅरिसला ल कॉर्बुझिएच्या ऑफिसात जाऊन बसले. पहिले आठ महिने पगार नव्हता. तिथे ते १९५४पर्यंत राहिले आणि मग कॉर्बुझिएच्या अहमदाबादमधल्या इमारतींवर देखरेख करायला परत आले. १९६२मध्ये त्यांनी अहमदाबादला आर्किटेक्चरची शाळा काढली, जी आज सेप्ट विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. २०१८मध्ये त्यांना प्रित्झ्कर पारितोषिक मिळालं, हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. ज्यांच्या शाळेत मास्टर्ससाठी आज देशभरातून मुलं अर्ज करतात, त्यांनी स्वतःचं उच्च शिक्षण एका ड्रॉइंग बोर्डावर घेतलं. बिनपगारी काम करा, असं मी यावरून कुणाला सांगणार नाही. आज ते शोषण ठरेल आणि ठरलंच पाहिजे. पण चांगल्या ऑफिसातली दोन-तीन वर्षं हाही उच्च शिक्षणाचा एक खरा मार्ग आहे, आणि घरात चर्चा होते तेव्हा तो मोजलाच जात नाही याचं मला वाईट वाटतं.

देशातल्या पर्यायांकडे आपण नेहमी थोडं घाईने पाहतो. भाईंदरहून चर्चगेटची लोकल पकडली की वास्तुकलेची महाविद्यालयं ओळीने लागतात: बोरिवलीला स्कूल ऑफ एन्व्हायर्न्मेंट अँड आर्किटेक्चर, कांदिवलीला ठाकूर, जुहूला कमला रहेजा विद्यानिधी, वांद्र्याला रहेजा आणि रिझवी, प्रभादेवीला रचना संसद आणि शेवटी फोर्टला जे.जे. यांतल्या सगळ्यांकडे मास्टर्स नाही, पण विद्यानिधीत अर्बन डिझाइन आणि संवर्धन, रचना संसदेत पर्यावरणीय वास्तुकला असे अभ्यासक्रम घरी राहून, ये-जा करत पूर्ण करता येतात. पुण्यात कर्वेनगरला महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचं भानुबेन नानावटी महाविद्यालय फक्त मुलींसाठी आहे आणि तिथे लँडस्केप, पर्यावरण अशा विषयांत एम.आर्क. होतं. घरापासून लांब पाठवायला तयार नसलेल्या पालकांसाठी मी हे मुद्दाम लिहितोय. मुलीचं पुढचं शिक्षण ‘लग्नाचं बघू आणि मग’ या एका वाक्यावर थांबता कामा नये.

दिल्ली, भोपाळ आणि विजयवाडा इथली स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर (एसपीए), खरगपूर आणि रुरकीची आयआयटी, हा दुसरा गट. इथली फी खासगी संस्थांच्या तुलनेत बरीच कमी आहे, आणि गेट परीक्षेच्या आर्किटेक्चर-प्लॅनिंग पेपरमधून आलेल्या पात्र विद्यार्थ्यांना महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळू शकतं. एका वाचनालयाचं कार्ड आणि गेटच्या जुन्या प्रश्नपत्रिका एवढ्यावर तयारी होऊ शकते, असा हा देशातला कदाचित सर्वांत स्वस्त आणि प्रतिष्ठित रस्ता आहे. सेप्टची फी वर्षाला काही लाखांत जाते, पण तिथला स्टुडिओ आणि परीक्षणाची पद्धत यांचं नाव आहे. मान्यता कुणाची पाहायची याबद्दल मधली काही वर्षं गोंधळ होता, तो कोल्हापूरच्या एका खटल्याने मिटवला. श्री प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग हाउसच्या वास्तुकला महाविद्यालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९मध्ये निर्णय दिला, की वास्तुकलेच्या शिक्षणाबाबत तंत्रशिक्षण परिषदेचा (एआयसीटीई) कायदा नाही तर १९७२चा वास्तुविशारद कायदा वरचढ ठरतो. म्हणून अभ्यासक्रम कौन्सिलच्या यादीत आहे का, हे आधी पाहावं.

संवर्धनाच्या शाखेबद्दल दोन ओळी जास्त. मुंबईत १९९५मध्ये वारसा नियमावली आली आणि या कामाला कायद्याचा आधार मिळाला. विकास दिलावरी यांनी दिल्लीच्या एसपीएतून आणि इंग्लंडच्या यॉर्क विद्यापीठातून संवर्धनात मास्टर्स केलं आणि मुंबईतल्या कितीतरी जुन्या इमारती हाताळल्या. चुना, जुना सागवान, दगडातलं पाणी हे विषय ऑफिसात सहजासहजी शिकायला मिळत नाहीत. खारीपासून थोड्या अंतरावर घोडबंदरचा किल्ला आहे, खाडीपलीकडे वसईचा. त्या भिंतींवर काम करायची ओढ असेल, तर मास्टर्सचा निर्णय माझ्या दृष्टीने जवळजवळ झालाच.

आता परदेश. इथे एकाच नावाखाली वेगवेगळ्या पदव्या विकल्या जातात, त्यामुळे पत्रावरचा प्रत्येक शब्द वाचावा लागतो. अमेरिकेत एम.आर्क. दोन प्रकारचं असतं. पहिलं तीन वर्षांच्या आसपासचं. ते तिथल्या एनएएबी या संस्थेची मान्यता असलेलं व्यावसायिक शिक्षण. दुसरं आधीच बी.आर्क. झालेल्यांसाठीचं, साधारण दीड-दोन वर्षांचं. आपली मुलं बहुधा या दुसऱ्याला जातात, आणि त्याला ती मान्यता नसते. म्हणजे तिथे परवानाधारक आर्किटेक्ट व्हायचं तर आपली मूळ बी.आर्क. तपासून घेण्याचा सोपस्कार वेगळा करावा लागतो. प्रवेशानंतर येणाऱ्या आय-२० या कागदावर अभ्यासक्रमाचा एक सांकेतिक क्रमांक छापलेला असतो. तो ०४.०२०१ असेल तर शिक्षणानंतर कामासाठी १२ महिने मिळतात. ०४.०९०२ असेल तर तो अभ्यासक्रम तांत्रिक शाखांच्या यादीत बसतो आणि आणखी २४ महिने मागता येतात. दोन शेजारच्या विद्यापीठांत अगदी सारखा दिसणारा अभ्यासक्रम, पण एकाच्या कागदावर एक क्रमांक आणि दुसऱ्याच्या कागदावर दुसरा. एक कोटीच्या आसपासचा खर्च एका वर्षात फेडायला लागणं आणि तीन वर्षांत फेडायला मिळणं, हा फरक त्या सहा आकड्यांत असतो. कन्सल्टंटला पहिला प्रश्न हाच विचारावा.

त्यापुढचा एच-१बी व्हिसा लॉटरीवर आहे, हे आता सगळ्यांना माहीत आहे. सप्टेंबर २०२५मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. तिथेच शिकून स्टेटस बदलणाऱ्यांना ते लागू नाही, असं नंतर सांगण्यात आलं. तरीही एखादं लहान आर्किटेक्चर ऑफिस अशा अनिश्चिततेत परदेशी मुलासाठी कागदपत्रं करायला किती धजावेल, याचा विचार करावा. सॉफ्टवेअर कंपनीकडे त्यासाठी वकिलांची फौज असते. आठ माणसांच्या ऑफिसकडे ती नसते.

इंग्लंडमध्ये आर्किटेक्ट होण्याचे टप्पे पार्ट वन, टू, थ्री असे परंपरेने मोजले जातात. पार्ट टूचं एम.आर्क. साधारण दोन वर्षांचं. आपल्याकडे जाहिरातीत दिसणारा एक वर्षाचा मास्टर्स सहसा त्यात धरला जात नाही, मग त्याच्या नावात एम.आर्क. असलं तरी. तो विषय शिकण्यासाठी उत्तम असू शकतो. तिथला परवाना मिळवण्यासाठी तो उपयोगी नाही. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, हे खरं आहे. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतात आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही अलीकडे फी सुरू केली आहे. वर्षभराच्या राहण्याखर्चाचे ११,९०४ युरो ‘ब्लॉक्ड’ खात्यात ठेवून दाखवावे लागतात. आणि अभ्यासक्रम इंग्रजीत असला, तरी नंतरची नोकरी जर्मनमध्येच असते, कारण साइटवरचा गवंडी आणि पालिकेचा अधिकारी जर्मनच बोलतो. बी-२ पातळीपर्यंत भाषा शिकायची तयारी इथूनच सुरू केली, तर पैशाच्या बाजूने हा मार्ग सर्वांत कमी धोक्याचा वाटतो.

पैशाचं गणित कागदावर मांडू. हार्वर्डसारख्या ठिकाणी फक्त शिकवणी फी वर्षाला साठ हजार डॉलरच्या घरात जाते, म्हणजे पन्नास लाखांच्या वर. त्यातली एका वर्षाची फी, ५० लाख, कर्जाने भरली असं धरू. साडेदहा टक्के व्याज आणि दहा वर्षांची मुदत धरली, तर हप्ता महिना ६७,००० रुपयांच्या पुढे जातो, आणि शिकत असतानाचं व्याज त्यात धरलेलं नाही. मुंबईतल्या लहान-मध्यम ऑफिसात नव्या आर्किटेक्टची सुरुवात पंचवीस-तीस हजारांवर होणं आजही नवलाचं नाही. म्हणजे परत यायचं ठरवलं, तर तो हप्ता पगारातून जाणार नाही, आई-वडिलांच्या निवृत्तीच्या पैशातून जाईल. हेच कर्ज १० लाखांचं असेल तर हप्ता साडेतेरा हजारांच्या आसपास येतो. हा भार घर पेलू शकतं.

आणि तारण. साडेसात लाखांच्या वर गेलं की सरकारी बँका सहसा तारण मागतात, आणि आपल्याकडे तारण म्हणजे राहता फ्लॅट. इथे खारीचा स्वतःचा प्रश्न उभा राहतो. भाईंदरची नगरपरिषद १९८५मध्ये झाली, महापालिका २००२मध्ये. त्याआधी ग्रामपंचायतीच्या परवानगीने आणि नंतरच्या घाईच्या वर्षांत उभ्या राहिलेल्या अशा अनेक इमारती इथे आहेत, ज्यांना ओसी नाही किंवा ज्यांच्या सोसायटीच्या नावावर जमीन झालेली नाही. बँकेचा वकील फाइल उघडतो, मंजूर नकाशा आणि ओसी मागतो, आणि प्रकरण अडतं. मग खासगी वित्तसंस्थेचं जास्त व्याजाचं, विनातारण कर्ज समोर येतं. म्हणून प्रवेशाचा अर्ज करण्याच्या सहा महिने आधी घराची फाइल बाहेर काढावी: करारनामा, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, मंजूर नकाशाची प्रत. इमारत पुनर्विकासाला जाणार असेल तर आणखी जपून, कारण गहाण ठेवलेल्या फ्लॅटसाठी विकासकाशी करार करताना बँकेची परवानगी लागते. घरातला नवा आर्किटेक्ट हे कागद वाचू शकतो. ते वाचणं त्याचंच काम आहे.

शिष्यवृत्त्यांकडे कमी मुलं पाहतात. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथीची, तसंच इतर मागास, आदिवासी आणि खुल्या प्रवर्गासाठीही राज्याच्या योजना आहेत. उत्पन्नाची मर्यादा आणि वेळापत्रक दर वर्षीच्या जाहिरातीत पाहावं. यात एक मेख आहे. या योजना विद्यापीठाचा जागतिक क्रमांक पाहतात. लंडनची एए स्कूल, १८४७पासूनची, वास्तुकलेत तिचं नाव मोठं. पण एकाच विषयाची शाळा असल्याने विद्यापीठांच्या एकूण यादीत ती येत नाही. शिष्यवृत्ती हवी असेल तर निवड त्या यादीतूनच करावी लागते. १८९२पासून चालत आलेली जे. एन. टाटा एन्डाउमेंटची कर्ज-शिष्यवृत्तीही आहे. रक्कम सगळा खर्च भागवणारी नसते, पण अटी माणुसकीच्या असतात.

हे सगळं पार पडल्यावर उरतो तो मुख्य प्रश्न: हा विशिष्ट अभ्यासक्रम चांगला आहे का? माहितीपुस्तिकेवरून ते कळत नाही. मागच्या बॅचचे प्रबंध मागवावेत आणि एखादं किनाऱ्यावरचं किंवा खाडीकाठचं काम शोधून ते शेवटच्या शीटपर्यंत पाहावं. संध्याकाळच्या प्रकाशातलं सुंदर चित्र सगळ्यांकडे असतं. त्याखालच्या सेक्शनमध्ये जोत्याची पातळी लिहिली आहे का? भरतीची रेषा दाखवली आहे का? पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, याचा बाण आहे का? भिंत जमिनीला टेकते तिथे काय होतं, हे कुणी मोठ्या प्रमाणात काढलं आहे का? खारीत, जिथे शेजारी मिठागरं होती आणि पावसाळ्यात भरतीच्या वेळी गटारं उलटी वाहतात, तिथे वाढलेल्या मुलाला या चार गोष्टी दोन मिनिटांत तपासता येतात. दहापैकी सात प्रबंधांत त्या सापडल्या, तर तिथे कुणीतरी मन लावून शिकवतंय.

मग शिक्षक. पुस्तिकेवरचं मोठं नाव प्रत्यक्ष स्टुडिओत आठवड्यातून किती वेळा येतं, एका शिक्षकामागे किती मुलं असतात, हे तिथल्या चालू विद्यार्थ्याला विचारावं. आणि बाहेर पडून तीन वर्षं झालेल्या विद्यार्थ्याला शोधावं. नुकताच पास झालेला अजून भारावलेला असतो. तीन वर्षांनी माणूस खरं सांगतो: नोकरी कशी मिळाली, कर्ज किती उरलंय, तिथे शिकलेलं काय रोज वापरतो.

माझा कल उघड आहे. बी.आर्क.नंतर किमान दोन वर्षं काम करावं, शक्य झालं तर एक इमारत जोत्यापासून ओसीपर्यंत पाहावी आणि मग अर्ज करावा. तोवर स्वतःचा प्रश्न सापडलेला असतो. आपल्या अवतीभवती ते कमी नाहीत. चार मजली, लिफ्ट नसलेल्या इमारतींच्या जागी बावीस मजले उभे राहतात तेव्हा खालच्या गटाराचं आणि सावलीचं काय होतं. आगरी गावठाणातली घरं पुनर्विकासाच्या एका साच्यात कशी बसवायची. नवघरच्या गाळ्यांतल्या स्टील कारखान्यांत काम करणारा माणूस उन्हाळ्यात किती तापमानात उभा असतो. यातला एक जरी प्रश्न मनात घेऊन मूल गेलं, तर स्टुडिओतला शिक्षकही त्याच्याशी वेगळं बोलतो, आणि निवेदनपत्रातही ते पहिल्या परिच्छेदात कळतं.

ज्यांच्या हातात आज पत्र आहे आणि मन तयार नाही, त्यांना एक मार्ग उरतो. बऱ्याच अमेरिकन विद्यापीठांत होकार कळवण्याची तारीख १५ एप्रिलच्या सुमारास असते. अनामत भरण्याआधी प्रवेश कार्यालयाला ईमेल करून तीन गोष्टी लेखी मागाव्यात. प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का? ढकलला तर देऊ केलेली शिष्यवृत्ती टिकेल का? बहुतेकदा ती टिकत नाही, नव्याने अर्ज करावा लागतो. आणि व्हिसा नाकारला गेला तर अनामत परत मिळेल का? उत्तर आलं की ते छापून घराच्या फाइलमध्ये, करारनाम्याशेजारी लावावं आणि मगच बँकेत जावं.